मैत्रिणीला सूट झालेलं क्रीम आपल्याला का सूट होत नाही? चेहऱ्याला काही लावण्याआधी हे एकदा वाचा

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या बाजारात कॉस्मेटिकच्या दुकानांत गर्दी वाढते. मोबाईलवर रील्स येतात, 'हे लावा, सात दिवसांत फरक बघा'. जाऊबाई सांगतात, मैत्रीण सांगते, पार्लरवाली ताई सांगते, मेडिकलवाला दादाही एक ट्यूब काढून देतो. सांगणाऱ्याला खरंच फरक पडलेला असतो. तरी तीच वस्तू आपण लावली की कुणाला पुटकुळ्या येतात, कुणाचा चेहरा लाल होतो, तर कुणाला काहीच फरक पडत नाही.

मग आपण म्हणतो, माल डुप्लिकेट असेल, नाहीतर आपलीच त्वचा खराब. बऱ्याच वेळा यातलं काहीच नसतं. त्वचा, रंग, हवा, पाणी, काम, वय, पाळी आणि अंगातला एखादा आजार, या सगळ्यांवर अवलंबून असतं की काय लागू पडेल. हे सगळं एकाचं दुसऱ्यासारखं नसतं. ते कसं, आणि कुठे जिवावर बेतू शकतं, ते एकेक करून बघू.

आपली त्वचा कोणत्या प्रकारची?

घरच्या घरी ओळखता येतं. सकाळी चेहरा धुवा, पुसा आणि तासभर काहीच लावू नका. मग आरशात बघा.

- चेहरा ताणल्यासारखा वाटतो, साल निघतेय: कोरडी त्वचा.
- सगळा चेहरा चमकतोय, टिपकागद लावला तर तेल लागतं: तेलकट त्वचा.
- कपाळ, नाक, हनुवटी तेलकट आणि गाल कोरडे: मिश्र त्वचा.
- साध्या साबणानेही आग होते, लाल होतं, खाजतं: नाजूक त्वचा.

आता विचार करा. तेलकट त्वचेच्या मैत्रिणीला मुलतानी मातीने बरं वाटतं, कारण माती तेल शोषून घेते. तीच माती कोरड्या त्वचेवर लावली तर होतं नव्हतं ते तेलही जातं आणि चेहरा भेगाळतो. उलट दुधाची साय कोरड्या गालाला चालते, पण मुरुमं असलेल्या चेहऱ्यावर साय चोळली की आणखी मुरुमं. दोघींनीही खरंच सांगितलेलं असतं, फक्त त्वचा वेगळी असते.

अजून एक गोष्ट. डोक्याला भरपूर तेल लावून केस चप्प बसवायची आपल्याकडे सवय आहे. ते तेल कपाळावर उतरतं, छिद्रं बुजतात आणि कपाळावर बारीक बारीक पुरळ येतं. मुलगी महागडा फेसवॉश बदलत राहते आणि कारण असतं डोक्यावरचं तेल. खोबरेल तेल हातापायांच्या कोरडेपणाला चांगलं, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्याला नको.

रंग सावळा असला की नियम बदलतात

त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याला मेलॅनिन म्हणतात. ते सगळ्यांच्या अंगात असतं, कमी-जास्त प्रमाणात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली त्वचा उन्हात भाजते की काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडले. सुरुवातीला ते गोऱ्या लोकांसाठीच होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे दोन प्रकार नंतर जोडले गेले. आज एकूण सहा प्रकार मानतात आणि आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात.

याचा आपल्याशी संबंध काय? सावळी त्वचा उन्हाने पटकन भाजत नाही, हा फायदा. पण तिला जरा कुठे इजा झाली की ती मेलॅनिन जास्त तयार करते. मुरुम फोडलं, डास चावला, ब्लीचने आग झाली, स्क्रबने घासलं, की तिथे काळा डाग पडतो आणि तो महिनोन् महिने राहतो. गोऱ्या कातडीच्या बाईने जोरात घासलं तर चार दिवस लाल दिसेल आणि जाईल. आपल्याकडे तेच केलं तर डाग मागे राहतो. म्हणून परदेशातल्या व्हिडिओत दाखवलेलं जोरदार पीलिंग, तीव्र आम्लाचे सीरम, दाणेदार स्क्रब आपल्या त्वचेवर जसंच्या तसं करायचं नसतं.

दुसरा मुद्दा वांगाचा. गालांवर, नाकावर, वरच्या ओठावर तपकिरी चट्टे येतात, त्याला आपण वांग म्हणतो. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातला वारसा ही त्याची मोठी कारणं. सावळ्या त्वचेत सूर्याचा साधा दिसणारा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो, फक्त अतिनील किरणंच नाहीत. साधं सनस्क्रीन हा दिसणारा प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं म्हणजे टिंटेड सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं. त्यामुळे एखादी म्हणते 'मी रोज सनस्क्रीन लावते तरी वांग जात नाही', तेव्हा ती खोटं बोलत नसते.

हवा आणि पाणी

कोकणात घाम आणि दमटपणा. तिथे जाड, तेलकट क्रीम लावलं की चेहरा चिकट होतो, घामोळ्या येतात. मराठवाडा-विदर्भात उन्हाळा कोरडा, पारा ४० च्या वर, आणि हिवाळ्यात वारा बोचरा. तिथे हलकं जेल लावून काही होत नाही, त्वचा तडकते. कोरियातल्या काचेसारख्या चमकणाऱ्या चेहऱ्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत. त्यात सात-आठ वस्तूंचे थर एकावर एक लावतात. मे महिन्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने ते थर लावले तर घामाबरोबर सगळं डोळ्यांत उतरेल.

पत्र्यावरून आठवलं, व्हिटॅमिन सी सारखी काही द्रव्यं उष्णतेने आणि उजेडाने खराब होतात. सीरमचा रंग पिवळ्याचा तपकिरी झाला असेल तर त्याचा गुण गेलेला असतो. शहरात एसी खोलीत ठेवलेली बाटली आणि आपल्या खिडकीत तापलेली बाटली, दोन्हींचा परिणाम एकसारखा कसा येणार?

पाण्याचंही तसंच. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तोच साका त्वचेवरही राहतो आणि कोरडेपणा, खाज वाढते. साबण स्वतः क्षारधर्मी असतो, त्याचा सामू म्हणजे पीएच साधारण ९ ते १० असतो. त्वचेचा नैसर्गिक सामू पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. जड पाणी आणि त्यात कपड्याचा साबण चेहऱ्याला लावायची सवय असेल तर कोणतंही क्रीम कमीच पडणार. आधी साबण बदला, मग क्रीमचं बघा.

शेतातलं काम आणि गाजरगवत

रील्स बनवणारी व्यक्ती बहुतेक वेळ घरात असते. आपल्याकडची बाई सकाळी आठला खुरपणीला जाते ती दुपार टळेपर्यंत उन्हात. सनस्क्रीनवर एसपीएफ ३० लिहिलेलं असतं, तो आकडा प्रयोगशाळेत जाड थर लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, म्हणजे साधारण एक ग्रॅम लावलं तर कुठे तो परिणाम मिळतो. घाम आला, पदराने पुसलं की गेलं, मग दोन-तीन तासांनी परत लावायचं. दिवसातून दोनदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. हा खर्च सगळ्यांना झेपेल असं नाही.

म्हणून शेतात काम करणाऱ्यांसाठी पहिला उपाय कापडाचा. रुंद काठाची टोपी, घट्ट विणीचा गडद रुमाल, ओढणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. हे धुऊन परत वापरता येतं आणि घामाने वाहून जात नाही. परवडत असेल तर उघड्या राहणाऱ्या भागाला सनस्क्रीन. फक्त अर्धा वाटाणा सनस्क्रीन लावून दिवसभर उन्हात राहणं म्हणजे काही न लावल्यासारखंच.

आता गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो. भारतात ते पहिल्यांदा पुण्यात १९५० च्या दशकात ठळकपणे नजरेत आलं आणि नंतर देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची अनेकांना ॲलर्जी होते. गवताचे सुकलेले कण हवेतून उडून चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण इथे बसतात. तिथे खाज येते, त्वचा लाल होते, पुढे जाड आणि काळी पडते. माणूस म्हणतो 'क्रीम सूट झालं नाही' किंवा 'ऊन लागलं', आणि एकामागून एक ट्यूब बदलतो. शेतात गेलं की वाढतं आणि पाहुण्यांकडे शहरात आठ दिवस राहिलं की कमी होतं, असं असेल तर गवताचा संशय घ्या. फवारणीच्या औषधांनीही असा त्रास होतो. कारण शेताच्या बांधावर असताना उपाय कॉस्मेटिकच्या दुकानात सापडत नाही.

वय, पाळी, गरोदरपण

शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींची मुरुमं वयाची असतात. तिशीतल्या बाईला हनुवटीवर, जबड्याच्या कडेला मुरुमं येत असतील, पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर लव वाढली असेल तर पीसीओडीची तपासणी करावी लागते. तिला सोळा वर्षांच्या मुलीचा फेसवॉश देऊन काय होणार?

गरोदर बायांनी विशेष सांभाळावं. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनॉन असलेली क्रीम गरोदरपणात टाळायला सांगतात. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी तर फार गंभीर आहे, तिने पोटातल्या बाळात जन्मजात व्यंग येऊ शकतं. बहिणीला दिलेली मुरुमांची गोळी 'तिला फरक पडला' म्हणून आपण घेणं, हा प्रकार अजिबात करू नका.

'घरगुती आहे, म्हणजे सेफ' हे खरं नाही

लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळायला सगळेच सांगतात. लिंबू फार आम्लधर्मी, सामू दोनच्या जवळपास. त्यात अशी द्रव्यं असतात की रस लागलेल्या जागेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, लसूण हे पण मुरुमावर लावू नका, त्वचा भाजते.

हळद-कुंकवाचीही काहींना ॲलर्जी असते. कुंकवात मिसळलेले रंग कारण असू शकतात. टिकलीच्या डिंकातल्या एका रसायनाने काही जणींच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. डाग दिसायला लागला की टिकली लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. तीच टिकली शेजारच्या आजींनी चाळीस वर्षं लावली असेल आणि त्यांना काही झालं नसेल. ॲलर्जी अशीच असते, एकाला होते, दुसऱ्याला होत नाही. वर्षानुवर्षं चाललेल्या वस्तूचीही एक दिवस होऊ शकते.

'काळी मेहंदी' आणि केसांचा काळा रंग यांत पीपीडी नावाचं रसायन असतं. झाडाची खरी मेहंदी लालसर-केशरी रंगते. अर्ध्या तासात काळीकुट्ट रंगते म्हटलं की त्यात काहीतरी मिसळलंय असं समजा. अशा मेहंदीने हातावर नक्षीच्या आकाराचे फोड आलेले आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

मेकअप एकाला उठून दिसतो, दुसऱ्याला का नाही?

फाउंडेशन घेताना बरेच जण आपल्या रंगापेक्षा एक-दोन नंबर उजळ घेतात. मग चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळी. त्वचेत पिवळसर, लालसर किंवा मधली झाक असते. शेड तपासायची तर मनगटावर बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर उन्हात येऊन बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच चांगलं दिसतं. फोटोत जे सुंदर दिसतं त्यात लाइट आणि फिल्टरचाही वाटा असतो, हे पण ध्यानात ठेवा.

नवरीच्या मेकअपबद्दल चार गोष्टी:

- नवीन फेशियल, ब्लीच, वॅक्स किंवा क्रीम लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा करू नका. करायचंच तर महिनाभर आधी करून बघा.
- चेहऱ्यावर ट्रेटिनॉइन किंवा रेटिनॉल लावत असाल तर पार्लरमध्ये आधी सांगा. त्यावर वॅक्सिंग केलं तर साल निघू शकते.
- काजळ, मस्कारा, लिपस्टिक एकीचं दुसरीला वापरू नका. डोळे येणं आणि ओठावरची नागीण असंच पसरतं.
- मेकअप घेऊनच झोपू नका. कितीही उशीर झाला तरी धुऊन झोपा.

खरा धोका इथे आहे: 'पटकन फरक' पडणारी क्रीम

आत्तापर्यंत बोललो ते पुटकुळ्या-डागांचं. आता जे सांगतोय ते जास्त महत्त्वाचं. एखादं क्रीम चार-आठ दिवसांत चेहरा उजळ करत असेल, तर खूश होण्याआधी शंका घ्या. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. डागांवरचा चांगला उपचारही दीड-दोन महिन्यांनी दिसायला लागतो. मग चार दिवसांत काय होतं? बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट असते, स्टेरॉइड किंवा पारा.

*स्टेरॉइड.* बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधं आहेत. डॉक्टरांनी ठरावीक आजारासाठी, ठरावीक दिवसांसाठी दिली तर उपयोगी. पण मेडिकलमधून स्वतः आणून गोरेपणासाठी लावली तर सुरुवातीला चेहरा गुळगुळीत, उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं उसळतात, बायकांच्या चेहऱ्यावर केस येतात. बंद केलं की चेहऱ्याची आग होते, म्हणून माणूस परत लावतो आणि त्यात अडकतो. हा प्रकार आपल्या देशात इतका वाढला की इथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं नावच दिलं. नायट्यावर, म्हणजे गजकर्णावर हीच मिश्र क्रीम लावली तर खाज थांबते पण बुरशी आतून पसरत राहते, आणि पुढे ती औषधाला दाद देत नाही.

२०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडची लावायची औषधं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून 'शेड्यूल एच'मध्ये घातली. ट्यूबवर 'आरएक्स' ही खूण किंवा डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसली तर समजा, हे कॉस्मेटिक नाही, औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद करून घाबरून जाऊ नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने सोडवा.

*पारा.* पारा मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो त्वचेतून अंगात जातो आणि मूत्रपिंडं, मज्जासंस्था यांना इजा करतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या मायलेकींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं २०२३ साली समोर आलं. त्या वापरत असलेल्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पारा मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. ही बातमी तेव्हा राज्यभर गाजली होती. त्याच सुमारास केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण डॉक्टरांना सापडले.

भारतातल्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार, डोळ्यांभोवती लावायच्या वस्तू सोडल्या तर नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एक किलो क्रीममध्ये एक मिलिग्रॅम. बिगर लेबलच्या डबीत किती आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. घरात एकीने असं क्रीम लावलं तर टॉवेल, उशी, हात यांतून ते लेकरांपर्यंतही पोहोचतं. चेहरा किंवा पाय सुजणं, लघवीला फेस येणं, हात थरथरणं असं काही दिसलं तर क्रीम थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती डबी बरोबर न्या.

घेताना डबीवर काय बघायचं?

- बनवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता.
- उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख.
- घटकांची यादी. यादीच नसेल तर घेऊ नका.
- परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक.
- 'सोनं-चांदीला लागू देऊ नका' अशी सूचना असेल तर पाऱ्याचा संशय घ्या. मर्क्युरी, कॅलोमेल असे शब्द दिसले तर सरळ परत करा.
- पक्कं बिल घ्या. बिल नसेल तर तक्रार करायची वेळ आली की हातात काहीच राहत नाही.

आठवडी बाजारात सुट्या डबीत मिळणारं, कुणी 'घरी बनवलेलं' म्हणून व्हॉट्सॲपवर विकणारं क्रीम कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

मोबाईलवर सांगणाऱ्याला पैसे मिळतात का, ते बघा

सांगणारे सगळेच खोटं बोलत नाहीत. पण अनेकांना त्या वस्तूबद्दल बोलायचे पैसे किंवा फुकट माल मिळतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली तर 'जाहिरात', 'प्रायोजित', 'पेड प्रमोशन' असं स्पष्ट दाखवायला हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू आहे.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. क्रीममध्येच भेसळीचा संशय असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात डबी आणि बिल घेऊन तक्रार द्या.

नवीन वस्तू लावण्याआधी अशी तपासा

१. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावा. दिवसातून दोनदा, सात दिवस. फेसवॉश असेल तर लावून नेहमीसारखा धुऊन टाका.

२. खाज, लाली, फोड आले तर लगेच धुवा आणि ती वस्तू सोडून द्या.

३. काही झालं नाही तर कानाजवळ, जबड्याच्या कडेला तीन दिवस लावा. मग पूर्ण चेहऱ्याला.

४. एका वेळी एकच नवीन वस्तू. दुसरी दोन आठवड्यांनी. चार वस्तू एकदम लावल्या आणि पुरळ आलं तर दोष कुणाचा ते कळणारच नाही.

५. केसांचा रंग दर वेळी लावण्याआधी ४८ तास थोडासा लावून बघा, आधी वापरलेला असला तरी.

एक सांगून ठेवतो. या तपासणीत ॲलर्जी कळते. स्टेरॉइड किंवा पारा यात पकडला जात नाही. त्यासाठी लेबल आणि बिलच बघायचं.

कमीत कमी किती पुरतं?

बहुतेक निरोगी त्वचेला तीन गोष्टी बस्स होतात. सौम्य साबण किंवा फेसवॉश दिवसातून दोनदा, त्वचेच्या प्रकाराप्रमाणे एक मॉइश्चरायझर, आणि उन्हापासून बचाव. कोरड्या त्वचेला घट्ट क्रीम, तेलकटला हलकं जेल किंवा लोशन. वासाच्या वस्तू नाजूक त्वचेने टाळाव्यात. बाकीचं गरजेप्रमाणे. महाग म्हणजे चांगलं असंही नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

- पांढरट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे स्पर्श, टोचणं कळत नाही: कुष्ठरोगाची तपासणी करा. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि लवकर घेतलं तर पूर्ण बरा होतो. असा चट्टा क्रीमने झाकत बसू नका.
- गालांवर लाल पुरळ, उन्हाने वाढतं, सोबत सांधे दुखतात, ताप येतो.
- मोठी, दुखणारी, खड्डे पाडणारी मुरुमं.
- तीळ वाढतोय, रंग बदलतोय, त्यातून रक्त येतंय.
- क्रीम लावल्यावर ओठ-डोळे सुजले, श्वास घ्यायला त्रास होतोय: थांबू नका, लगेच दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.

प्रत्येक गावात त्वचेचे डॉक्टर नसतात, हे खरं. पण जिल्हा रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर व्हिडिओद्वारे डॉक्टरांचा सल्ला मोफत घेता येतो. आशाताईंना विचारा, त्या वार सांगतील. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या पिशवीत घालून न्या. 'पिवळी ट्यूब लावत होते' एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही, डबी बघितली की बरंच कळतं.

पुढच्या वेळी कुणी 'मला फरक पडला, तूपण लाव' म्हणालं तर तिला तीन प्रश्न विचारा: तुझी त्वचा कशी आहे, किती दिवसांत फरक पडला, आणि डबीवर काय लिहिलंय? उत्तर पटलं तर कोपरावर लावून बघा. चार दिवसांत गोरं झाल्याचं सांगत असेल, तर तिलाही ही माहिती वाचायला पाठवा.

(ही माहिती सर्वसाधारण जनजागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)